गावापासून टोरांटोपर्यंत : हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

परदेशी निघालेल्या कुटुंबांचा वेळेचा हिशेब बहुतेक वेळा ठरावीक जागीच चुकतो. मोबाइलवर ‘नागपूर ते टोरांटो किती तास’ असे विचारल्यावर येणारा आकडा हाच प्रवासाचा वेळ धरला जातो. तिकिटावरची सुटण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून सरळ वजा केली जाते. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख चुकीची वाचली जाते, आणि ही चूक सर्वांत महागात पडते, कारण कुटुंब विमानतळावर पोहोचते तेव्हा विमान आदल्या रात्रीच निघून गेलेले असते.

हा हिशेब कोणत्या क्रमाने करावा, ते एका उदाहरणातून पाहू. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीजवळच्या गावातून आई-वडील टोरांटोला मुलीकडे निघाले आहेत, आणि मार्ग नागपूर–दिल्ली–टोरांटो असा आहे. अंतरे खरी आहेत. उड्डाणांच्या वेळा मात्र उदाहरणापुरत्या मानलेल्या आहेत, तेव्हा आपल्या तिकिटावरच्या वेळा घालूनच हिशेब करावा.

तयारी : हिशेबाला बसण्यापूर्वी

तिकिटाची छापील प्रत काढून घ्यावी. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तारीख एका ओळीत आणि वेळ दुसऱ्या ओळीत दिसते, आणि गोंधळाला सुरुवात तिथेच होते. सोबत पाठकोरा कागद, पेन आणि भिंतीवरची दिनदर्शिका असावी. शाळेतला पृथ्वीगोल आणि हातभर दोरा मिळाला तर पहिले दोन टप्पे अधिक नीट कळतील.

कागदावर चार रकाने आखावेत : ठिकाण, तिथली स्थानिक वेळ व तारीख, भारतीय वेळ व तारीख, आणि त्या टप्प्याला लागलेला वेळ. पुढचे सगळे काम या चार रकान्यांत बसते.

*तपासणी :* तिकिटावर प्रत्येक विमानतळाचे पूर्ण नाव व टर्मिनल लिहिलेले आहे का, ते पाहावे. नुसते शहराचे नाव पुरत नाही. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक असे वेगवेगळे विमानतळ आहेत, न्यूयॉर्कच्या प्रवाशाला जेएफके किंवा नेवार्क येथे उतरावे लागते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे मुंबईच्या बाबतीतही आता हाच प्रश्न विचारावा लागतो.

टप्पा १ : अंतराचा आकडा कशाचा आहे, ते ओळखणे

नागपूर ते टोरांटो हे अंतर सुमारे १२,४९० किलोमीटर आहे. हे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले, दोन विमानतळांमधले कमीत कमी अंतर होय. संगणक ते गणिताने काढतो आणि त्याला ठरावीक वेगाने भागून ‘सुमारे पंधरा तास’ असे उत्तर देतो. नागपूरहून टोरांटोला थेट विमान आहे की नाही, याच्याशी त्या उत्तराचा काही संबंध नसतो. असे विमान नाही, म्हणून तो आकडा प्रवासाचा वेळ म्हणून वापरता येत नाही. त्याचा उपयोग फक्त मार्गांची तुलना करण्यासाठी होतो.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून दिशा काढणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. त्या नकाशावर टोरांटो सरळ पश्चिमेला, अरबस्तान आणि अटलांटिक ओलांडून गेल्यावर दिसते. पृथ्वीगोलावर दोऱ्याचे एक टोक नागपूरवर आणि दुसरे टोरांटोवर धरून दोरा ताणला, तर तो जवळजवळ उत्तरेकडे वळतो, दिल्लीवरून जातो, मध्य आशिया व रशिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर चढतो आणि वरून कॅनडात उतरतो. मुलांकडून एकदा हे करून घ्यावे. पुढच्या टप्प्याचा निम्मा उलगडा त्यातच होतो.

टप्पा २ : वाटेतला विमानतळ दिशेप्रमाणे निवडणे

विदर्भातून परदेशी जायचे म्हणजे मुंबईलाच जायचे, अशी सवय आपल्याकडे पडलेली आहे. आकडे वेगळे सांगतात.

नागपूर ते दिल्ली सुमारे ८५५ किलोमीटर आणि दिल्ली ते टोरांटो सुमारे ११,६४० किलोमीटर. दोन्हींची बेरीज थेट अंतराइतकीच भरते, कारण दिल्ली त्या ताणलेल्या दोऱ्यावरच येते. मुंबई ते टोरांटो हे अंतर मात्र सुमारे १२,४९० किलोमीटर, म्हणजे जेवढे नागपूरहून तेवढेच आहे. याचा अर्थ असा की नागपूर ते मुंबई हे सुमारे ६८५ किलोमीटर उडूनही प्रवासी टोरांटोच्या जवळ गेलेला नसतो. उत्तर अमेरिकेला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

लंडनच्या बाबतीत फरक कमी होतो : दिल्लीमार्गे सुमारे ७,५८५ आणि मुंबईमार्गे सुमारे ७,९०० किलोमीटर. ऑस्ट्रेलियाला जाताना गणित उलटते. नागपूर ते मेलबर्न थेट अंतर सुमारे ९,४८० किलोमीटर आहे. मुंबईमार्गे ते सुमारे १०,४९० होते, तर दिल्लीमार्गे ११,००० च्या वर जाते, कारण दिल्लीला जाणे म्हणजे मेलबर्नकडे पाठ फिरवून चालणे. ऑस्ट्रेलियासाठी हैदराबाद, चेन्नई किंवा बंगळूर येथून सिंगापूरसारख्या ठिकाणी विमान बदलणारे मार्ग आधी पाहावेत.

आखाती देशांतून जाणारा मार्गही तपासावा. नागपूरहून दोहा सुमारे २,८४० किलोमीटर आहे आणि नागपूरहून दोहा व शारजा येथे थेट सेवा चालत आलेल्या आहेत. अशी सेवा आपल्या तारखेला असेल, तर पासपोर्टची सरकारी तपासणी नागपुरातच उरकते आणि दिल्ली-मुंबईची टर्मिनल बदलण्याची धावपळ वाचते. अंतर थोडे वाढले तरी वयस्कर प्रवाशांसाठी मी हा मार्ग चांगला मानतो.

आता घराजवळचा विमानतळ. सगळ्या विदर्भाला नागपूरच जवळ, असेही नाही. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर, उमरखेडहून नांदेड आणि सिरोंच्याहून हैदराबाद हे नागपूरपेक्षा जवळ पडतात. अमरावतीजवळ बेलोरा येथून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली, पण तिथली विमाने लहान आणि उड्डाणे मोजकी आहेत. एखादे रद्द झाले तर त्याच दिवशी दुसरे मिळेलच असे नाही. परदेशाचे विमान त्याच रात्री असेल, तर ज्या विमानतळावरून दिवसात अनेक उड्डाणे आहेत तोच निवडावा, मग गाडीचा प्रवास तासाभराने वाढला तरी हरकत नाही.

*सावधान :* किलोमीटर कमी म्हणून तिकीट घेऊ नये. चार-पाचशे किलोमीटरचा फरक हवेत अर्ध्या तासाचा असतो. चुकीच्या थांब्याचा फरक दहा तासांचा असू शकतो.

टप्पा ३ : अंतरावरून उड्डाणाचा अंदाज घेणे

अंदाजाचा नियम सोपा आहे. किलोमीटरला ८५० ने भागावे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवावा. दिल्ली–टोरांटोसाठी ११,६४० भागिले ८५० म्हणजे सुमारे १३ तास ४० मिनिटे, अधिक अर्धा तास, असे १४ तास १० मिनिटे येतात. तिकिटावरचा वेळ याच्या एक-दीड तास मागेपुढे असेल तर तो बरोबर समजावा. त्याहून बराच अधिक असेल तर विमान मध्ये कुठे तरी उतरते आहे किंवा मोठा वळसा घेते आहे, असे धरून चौकशी करावी.

वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यामुळे लहान उड्डाणात हा नियम थोडा कमी पडतो. नागपूर–दिल्लीसाठी नियमाने दीड तास येतो, पण दिल्लीच्या गर्दीत जमिनीवर रांगेत जाणारा वेळ धरून तिकिटावर पावणेदोन-दोन तास लिहिलेले असतात.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का लागतो, हे अनेकांना कोडे वाटते. विमाने ज्या नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून उडतात, तिथे मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. टोरांटोहून येताना वारा पाठीशी असतो, जाताना समोरून येतो. लांब पल्ल्यावर यामुळे तास-दीड तासाचा फरक सहज पडतो, आणि हिवाळ्यात तो अधिक जाणवतो.

दुसरे कारण आकाशबंदीचे आहे. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाने युरोप, अमेरिका आणि कॅनडाच्या विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना मनाई केली, आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घेणे भाग पडले. उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. अशा वेळी ताणलेल्या दोऱ्याचे अंतर कागदावर राहते आणि एकाच मार्गावर दोन कंपन्यांचे वेळ वेगळे दिसतात. म्हणून ओळखीच्या कोणाला गेल्या वर्षी किती तास लागले, यावर विसंबू नये. आपल्या तिकिटावरचा ताजा वेळच घ्यावा.

टप्पा ४ : सगळ्या वेळा भारतीय घड्याळात आणणे

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून इथे घाई करू नये.

विमानाच्या तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची, पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. या दोन वेळा एकमेकींतून थेट वजा करता येत नाहीत. आधी दोन्ही भारतीय वेळेत आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी.

आपले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि ते वर्षभर बदलत नाही. इतरांचे बदलते. स्थानिक वेळेवरून भारतीय वेळ काढण्यासाठी पुढील आकडे वापरावेत.

– टोरांटो, न्यूयॉर्क : हिवाळ्यात १० तास ३० मिनिटे मिळवावीत, उन्हाळ्यात ९ तास ३० मिनिटे.
– लंडन : हिवाळ्यात ५ तास ३० मिनिटे मिळवावीत, उन्हाळ्यात ४ तास ३० मिनिटे.
– दोहा : वर्षभर २ तास ३० मिनिटे मिळवावीत.
– दुबई, शारजा : वर्षभर १ तास ३० मिनिटे मिळवावीत.
– सिंगापूर : वर्षभर २ तास ३० मिनिटे वजा करावीत.
– मेलबर्न, सिडनी : एप्रिल ते ऑक्टोबर ४ तास ३० मिनिटे वजा करावीत, ऑक्टोबर ते एप्रिल ५ तास ३० मिनिटे.

इथे उन्हाळा म्हणजे आपला मार्च-ते-मे नव्हे. कॅनडा आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. ब्रिटन व युरोपात हे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. मेलबर्न-सिडनीला ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे जाते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येते. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे असतात की टोरांटोचे घड्याळ बदललेले असते आणि लंडनचे नसते. त्या काळात लंडनला विमान बदलणाऱ्यांनी दोन्ही आकडे पुन्हा तपासावेत.

आता उदाहरण. तिकिटावर असे आहे : दिल्ली, १५ जानेवारी, ०२:३०, टोरांटो, १५ जानेवारी, ०७:३०. थेट वजाबाकी केली तर पाच तास येतात, आणि पाच तासांत टोरांटो येते अशी समजूत करून घेऊन घरचे लोक सकाळी साडेसातपासून फोनची वाट पाहू लागतात. रीतीने करू. दिल्लीची ०२:३० ही भारतीय वेळच आहे. टोरांटोच्या सकाळी साडेसातमध्ये साडेदहा तास मिळवले की भारतात १५ जानेवारीची सायंकाळी सहाची वेळ येते. रात्री अडीच ते सायंकाळी सहा म्हणजे साडेपंधरा तास. टप्पा ३ मधल्या अंदाजाशी हे जुळते, म्हणून बरोबर.

हेच तिकीट जुलैमधले असते, तर साडेनऊ तास मिळवून सायंकाळी पाच वाजले असते आणि उड्डाण साडेचौदा तासांचे ठरले असते.

*सावधान — मध्यरात्रीनंतरची तारीख :* ‘१५ जानेवारी ०२:३०’ म्हणजे १४ तारखेची रात्र उलटून गेल्यावरचे अडीच. दिल्ली विमानतळावर १४ तारखेच्या रात्रीच हजर असले पाहिजे. १५ तारखेच्या रात्री पोहोचलेल्या माणसाचे विमान त्या वेळेपर्यंत टोरांटोत उतरूनही गेलेले असते. गाडीवाल्याला, शेजाऱ्यांना आणि पोहोचवायला येणाऱ्या नातेवाइकांना विमानाची तारीख सांगूच नये. घरून निघण्याची तारीख आणि वार सांगावा.

*तपासणी :* पोहोचण्याच्या वेळेशेजारी लहान अक्षरात ‘+१’ छापलेले आहे का, ते भिंग लावून पाहावे लागले तरी पाहावे. त्याचा अर्थ त्या ठिकाणी दुसरी तारीख लागलेली असेल. टोरांटोत उतरवून घ्यायला येणाऱ्या मुलीला तिथली स्थानिक वेळ व तारीखच कळवावी.

टप्पा ५ : मधल्या थांब्याचा हिशेब

पहिला प्रश्न तिकीट एक आहे की दोन, हा. नागपूर–दिल्ली आणि दिल्ली–टोरांटो हे दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील, तर पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय लावणे ही कंपनीची जबाबदारी असते, आणि सामान सहसा नागपूरहून थेट टोरांटोपर्यंत जाते. थोडे पैसे वाचवण्यासाठी दोन वेगळी तिकिटे काढली, तर दिल्लीला सामान उतरवून घ्यावे लागते, बाहेर येऊन पुन्हा काउंटरवर द्यावे लागते, आणि दुसरे विमान चुकले तर ते तिकीट सहसा बुडते. पहिल्यांदा जाणाऱ्या आई-वडिलांसाठी वेगळी तिकिटे काढूच नयेत, असे माझे ठाम मत आहे.

नागपूरच्या काउंटरवर सामान दिल्यावर बोर्डिंग पासच्या मागे सामानाची छोटी चिठ्ठी चिकटवून देतात. तिच्यावर विमानतळांचे तीन अक्षरी संकेत असतात. टोरांटोच्या पिअर्सन विमानतळाचा संकेत वायवायझेड आहे. चिठ्ठीवर तो दिसला पाहिजे. फक्त दिल्लीचा संकेत दिसला तर काउंटर सोडण्यापूर्वीच विचारावे.

दिल्लीला एका तिकिटावर किमान तीन-चार तासांचा थांबा असावा, वेगळ्या तिकिटांवर सहा तासांहून कमी नसावा. हा सगळा वेळ बसण्यात जात नाही. देशांतर्गत विमान टर्मिनल एक किंवा दोनवर उतरले तर आंतरराष्ट्रीय विमानासाठी टर्मिनल तीनवर यावे लागते, आणि टर्मिनल एक तिथून बरेच दूर, रस्त्याने जावे लागेल असे आहे. त्यानंतर पासपोर्टची रांग, सुरक्षा तपासणी आणि गेटपर्यंतची लांब चाल असते. गुडघेदुखी असलेल्यांसाठी तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवावी. आयत्या वेळी ती मिळायला उशीर होतो. मुंबईतही हेच : सांताक्रूझचे टर्मिनल एक आणि सहारचे टर्मिनल दोन यांच्यामध्ये रस्ता आहे, आणि नवी मुंबईला उतरून सहारला जायचे असेल तर मुंबईच्या वाहतुकीचे दोन-तीन तास वेगळे धरावेत.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला उत्तररात्री व सकाळी दाट धुके पडते. या दिवसांत पहाटे दिल्लीला उतरणारे विमान घेऊ नये. दुपारचे किंवा सायंकाळचे घ्यावे. आपल्या उदाहरणात नागपूरचे विमान १४ जानेवारीला १९:०० वाजता सुटून २०:५० ला दिल्लीला पोहोचते. थांबा ५ तास ४० मिनिटांचा. लांब वाटतो, पण या हंगामात तो योग्य आहे.

*तपासणी :* तिसऱ्या देशात विमान बदलत असाल तर तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. काही देशांत विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही तो लागतो. अमेरिकेत विमान बदलणाऱ्यांना तिथल्या पहिल्याच विमानतळावर पासपोर्ट तपासणी करून सहसा सामानही ताब्यात घ्यावे लागते, त्यामुळे तिथला थांबाही तीन तासांहून कमी नसावा.

टप्पा ६ : गावापासून विमानतळापर्यंत, उलट्या क्रमाने

हा हिशेब विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे मागे येत करायचा. पुढून मोजणारा माणूस रस्त्यातला उशीर शेवटी कुठे बसवावा याच्या अडचणीत सापडतो.

१९:०० ला विमान आहे. देशांतर्गत उड्डाणाचे सामान घेण्याचे काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद करतात. म्हणजे १८:०० ला दार मिटले. दोन तास आधी पोहोचायचे, म्हणजे १७:०० ला सोनेगावला विमानतळाच्या दारात. नागपूरहूनच परदेशी विमान असेल तर तीन तास आधी.

आर्णीजवळच्या गावातून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी असा नागपूर–तुळजापूर महामार्गाचा सरळ रस्ता आहे, आणि विमानतळ वर्धा रोडच्या बाजूला असल्याने शहरात शिरावे लागत नाही. भंडारा-गोंदियाकडून येणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांनी शहर ओलांडण्याचा किंवा वळणरस्त्याचा वेळ धरावा. गाडीचे चार तास, चहा-जेवण आणि पाय मोकळे करण्यासाठी अर्धा तास, आणि वर एक तास राखीव. १७:०० मधून साडेपाच तास वजा केले की सकाळी ११:३० येतात. घरून निघण्याची वेळ हीच.

राखीव तास कशासाठी, हे विदर्भात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको, तरी हिशेबात तो सर्वांत आधी कापला जातो. कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर आणि खरेदी केंद्राबाहेर भरलेल्या गाड्यांची रांग रस्त्यावर आलेली असते. पावसाळ्यात फाट्यापर्यंतच्या रस्त्यावर नाल्याला पूर आला की पाणी उतरेपर्यंत दुसरा उपाय नसतो, आणि भामरागडकडे पर्लकोटा नदी चढली तर तालुकाच तुटतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये असे एखादे नदी-नाल्याचे ठिकाण वाटेत असेल, तर एक तास राखून काही होत नाही. आदल्या दिवशीच यवतमाळ, वर्धा किंवा नागपूरला मुक्कामी यावे.

एसटीने येणाऱ्यांनी एक गाडी चुकली तर पुढची मिळूनही विमान गाठता येईल, अशीच गाडी निवडावी. संक्रांतीच्या सुमारास गाड्या भरून येतात. मोठ्या बॅगा घेऊन चढणे तेव्हा सोपे नसते. खासगी गाडी ठरवली असेल तर स्टेपनी, फास्टॅग आणि डिकीत बॅगा मावतात का, हे आदल्या दिवशी पाहून घ्यावे. चार माणसे पोहोचवायला येणार आणि बॅगा मांडीवर, हा प्रकार टाळावा.

*सावधान :* मोबाइलच्या नकाशावर रात्री अकराला पाहिलेला वेळ दुपारी लागू पडत नाही. नकाशात निघण्याची वेळ व वार घालून पाहावे, आणि त्यावर आपला राखीव तास ठेवावाच.

टप्पा ७ : बेरीज

आता तिसरा रकाना वरून खाली वाचावा. १४ जानेवारीला सकाळी ११:३० ला घर सोडले. १५ जानेवारीला भारतीय वेळेने १८:०० ला टोरांटोत विमान उतरले. पासपोर्ट तपासणी, सामान आणि मुलीच्या घरापर्यंतचा रस्ता यांना अडीच तास धरले तर २०:३० होतात, टोरांटोत सकाळचे दहा. घर ते घर एकूण ३३ तास. त्यातले विमानातले १७ तास २० मिनिटे, आणि उरलेले १५ तास ४० मिनिटे जमिनीवरचे. मोबाइलने सांगितलेल्या पंधरा तासांच्या दुपटीहून हे अधिक आहे.

हा आकडा कळला की बाकीच्या गोष्टी नीट ठरवता येतात. औषधे ३३ तासांची नव्हे, किमान दोन-तीन दिवसांची हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठी बॅग उशिरा येऊ शकते. रोजच्या गोळ्यांसाठी एका मनगटी घड्याळात पोहोचेपर्यंत भारतीय वेळच ठेवावी. इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र वेळ बदलताना मात्रा कशा घ्यायच्या, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

टप्पा ८ : परतीचा हिशेब नव्याने करणे

जातानाचा कागद उलटा वाचून परतीचा वेळ निघत नाही. वारा बदललेला असतो, थांबा वेगळा असतो, आणि सहा महिन्यांनी परतणाऱ्यांच्या बाबतीत घड्याळाचा फरकही बदललेला असतो.

परतीचे तिकीट असे धरू : टोरांटो, २० फेब्रुवारी, २२:००, दिल्ली, २१ फेब्रुवारी, २२:००. पाहताना बरोबर चोवीस तास वाटतात. टोरांटोच्या रात्री दहामध्ये साडेदहा तास मिळवले की भारतात २१ तारखेची सकाळी साडेआठची वेळ येते. साडेआठ ते रात्री दहा म्हणजे साडेतेरा तास. जाताना थेट वजाबाकीने साडेदहा तास कमी दिसले होते, येताना तितकेच जास्त दिसतात. पूर्वेकडे येताना ही फसगत नेहमी अशीच उलटते.

दिल्लीला उतरल्यावर पासपोर्ट तपासणी होते, सामान पट्ट्यावरून घ्यावे लागते, कस्टममधून बाहेर यावे लागते आणि नागपूरच्या विमानासाठी ते पुन्हा द्यावे लागते. चिठ्ठीवर नागपूरचा संकेत असला तरी बॅग पट्ट्यावर येते का, हे दिल्लीतल्या कर्मचाऱ्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. रात्री दहाला उतरलेल्या माणसाचे नागपूरचे विमान बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळचे असते, म्हणजे गाडी २२ तारखेला सोनेगावला हवी. गाडीवाल्याला २१ तारीख सांगितली जाते ती तिकिटावरची दिल्लीची तारीख वाचून.

निघण्याच्या आदल्या दिवशी

कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून दोन्ही उड्डाणांच्या वेळा आणि टर्मिनल पुन्हा पाहावेत. तिकीट तीन-चार महिन्यांपूर्वी काढलेले असते आणि मधल्या काळात वेळ अर्धा-एक तास सरकणे सामान्य आहे; तिकीट एजंटाने काढले असेल तर बदलाचा संदेश त्याच्या मोबाइलवर जातो, आपल्याकडे येत नाही. वेळ सरकली असेल तर टप्पा ६ ची उलटी मोजणी पुन्हा करावी, नुसता अर्धा तास मिळवून मोकळे होऊ नये, कारण थांबाही त्याबरोबर बदलतो.

कागदाच्या तीन प्रती काढाव्यात. एक प्रवाशाच्या हातातल्या पिशवीत, पासपोर्टच्या सोबत. एक घरी राहणाऱ्यांकडे, भारतीय वेळेचा रकाना ठळक करून. आणि एक मोबाइलवरून मुलीकडे, टोरांटोच्या वेळेचा रकाना ठळक करून. गाडीवाल्याला कागद देण्याची गरज नाही. त्याला घरून निघण्याचा वार, तारीख आणि वेळ सांगावी आणि त्याच्याकडून ती एकदा परत म्हणवून घ्यावी.